मायच्या वाट्याचा गाळ

मोरबी, गुजरात
२४ नोव्हेंबर २०२४

अजीम,

जय भीम. तुझ्या अब्बाले, गफ्फारचाचाले, सलाम सांगजो.

चिठ्ठी तुझ्या गोंडपिपरीच्या दुकानावर पाठवून राह्यलो. आपल्या चिचटोल्यात पोस्टमन कवा येते कवा नाई, आन् मायले वाचता येत नाई. तू रविवारी पंप दुरुस्तीले गावात जातच असतो, तवा तिले वाचून दाखवजो. फोन लावला का ती "जेवला काय, जेवला काय" करते आन् मंग रेंज जाते. तीच म्हणे, चिठ्ठी लिव्ह, फोनवरचं उडून जाते, चिठ्ठी दोनदा वाचून घेता येते.

सध्या टाइलच्या फॅक्टरीत हाये, पालिशच्या लाइनवर. दिवसभर पांढरी धूळ. संध्याकाळी आरशात पाह्यलं तर बुढा दिसतो. ही तिसरी फॅक्टरी. पयल्या दोन सोडल्या. एका जागी माझा पाय टिकत नाई, तुले माहीत हाये. शाळेतबी आठवीच्या पुढे टिकला नाई.

तू मशीनचं विचारलं होतं. भंगारात दे नाई तर ठेवून घे. जमिनीतलं धातू शोधायच्या त्या डिटेक्टरचं माझ्यापुढे नाव काढू नोको. दोन हिवाळे मी ते घेऊन फिरलो, टेकडी झाली, जुन्या किल्ल्याकडचे सारे वावरं झाले. काय सापडलं? नांगराचे तुटके फाळ, बैलाच्या नाला, बाटल्यांचे झाकणं, एक बादलीची कडी. गावातले पोरं मले पाहून "टूंटूं, टूंटूं" करायचे. हरिदासभाऊ पानठेल्यावर म्हणे, "विक्की, माझ्या संडासचा खड्डा राह्यला हाये, तिथी सोनं निंगन पाय." तवाच ठरवलं का इथी राह्यचं नाई. मशीनची ती गोल थाळी मीच वावराच्या धुऱ्यावर आपटली होती, तुटलीच असन.

मायले सांगजो, पैसे पाठवले. आन् विचारजो, यंदाबी केसरबाईनं टोपलीभर नवे तांदूळ आणून देले काय? दरवर्षी धान निंघाला का ती बाई टोपली घेऊन दारात हाजर. आपण काय भिकारी हावो काय? माय काऊन घेते, मले समजत नाई.

तुझा
विक्की

(खालचं मायले वाचू नोको. तिच्या एका कानात अजून निंबाची काडीच हाये काय? एका साली रोवणीत, धान लावताना, कानातलं सोन्याचं फूल चिखलात पडलं होतं. तवापासून छेद बुजू नये म्हणून काडी घालते. दिवाळीले फूल घेऊन देईन म्हटलं होतं. जमलं नाई.)

---

गोंडपिपरी
१५ डिसेंबर २०२४

विक्की,

सलाम, जय भीम, सारं एकदमच.

चिठ्ठी मायले दोनदा वाचून दाखवली. खालचं वाचलं नाई. हो, काडीच हाये.

आता बसून वाच. उभा असशील तर बस.

तुझ्या मशीनची थाळी तुटली नव्हती, आतली तार सुटली होती. मी झाळून देली. चालते का नाई पाहाले चिचटोल्यात नेली, तर केसरबाई म्हणे, माझं जोडवं रोवणीत पडलं, पाहून दे बाबा. जोडवं अर्ध्या घंट्यात सापडलं. मंग तर बायांची लाइन लागली. कोणाचं पैंजण, कोणाची अंगठी, लच्छूच्या बायकोचा विळा बी सापडला. तिचा नवरा दोन वर्षापासून तिले म्हणत होता का तू माहेरी देला. त्या विळ्यासाठी तिनं त्याले साऱ्या गावापुढे असं झोडलं का हसून हसून मरण आलं.

बुधवारी केसरबाईनं पुन्हा बोलावलं, दुसऱ्या पायाचं जोडवं बी पाह्य म्हणे. रोडाच्या बाजूच्या, तिच्या धानाच्या बांधीत मशीन अशी ओरडली का माझ्या हातातून सुटली. हातभर खणलं. काळ्या मातीचा एक डल्ला निंघाला, त्यात पितळेची चेपलेली डबी. डबी फुटली होती. आत नाणे! सदतीस. चांदीचे बारा, बाकी तांब्याचे. अब्बांनी एक नाणं पुसून पाह्यलं, म्हणे अक्षरं फारसी हायेत, नाव लागत नाई.

पयले तूच आठवला.

अब्बा म्हणे, घरी ठेवायचं नाई, सरकारात सांगायचं. सोमाजी पोलीस पाटलाले बोलावलं, उद्या तहसीलले जाऊन राह्यलो. मायनं मले गूळ खाऊ घातला. म्हणे, माझ्या पोरानं मशीन आणली म्हणून झालं.

तुझा
अजीम

---

मोरबी
२७ डिसेंबर २०२४

अजीम,

अभिनंदन. लाइनवर सगळ्यायले सांगतलं का माझ्या दोस्ताले धन सापडलं. कोणी इचारलं, तुले काय सापडलं? मी म्हटलं, धूळ.

मी दोन वर्षं रानोमाळ फिरलो. तू तीन दिवस बायांचे जोडवे शोधत फिरला आन् तुले डबी. केसरबाई मलेबी म्हणाली होती का जोडवं पाहून दे. मी म्हटलं, ही मशीन खजिन्यासाठी हाये, जोडव्यासाठी नाई. मायबी म्हणाली होती, फूल पाह्य. मी म्हटलं, चिखलात चालत नाई. धान निंघाल्यावर म्हणाली तर म्हटलं, बॅटरी नाई. आता तू म्हणशील, पाह्य, म्हणून भेटलं नाई. म्हण.

एक गोष्ट विचारतो. कवापासून काकूची माय झाली? जाताना तर "काकू येतो" म्हणून गेला होता माझ्यासंग बसस्टँडवर. साल झालं नाई आन् माय? गूळ बी भेटून राह्यला.

आन् नीट सांग. बांधी कोणती? रोडाले लागून, मोहाच्या झाडाजवळची काय? डल्ला काळा म्हणतो तर त्यात शिंपले होते काय, तलावात असते तसे? मशीन माझी हाये हे तहसीलात सांगतलं का नाई? कागदावर कोणाचं नाव लागलं?

सारं लिव्ह. उगीच गोड लिहू नोको.

विक्की

---

गोंडपिपरी
१२ जानेवारी २०२५

विक्की,

चिठ्ठी काकूले वाचून दाखवली. (काकू लिहिलं, पाहून घे.) जिथी जिथी तू जळला तिथी तिथी मी खोकलो.

विचारलं ते सांगतो. बांधी तीच, मोहाजवळची. डल्ल्यात शिंपले होते, लहान लहान, आन् कमळाचं एक वाळकं मूळ. तुले कसं समजलं?

तहसीलातल्या साहेबायनं पंचनामा केला. कागदात दोनच रकाने होते, कोणाले सापडलं आन् जमीन कोणाची. पयल्यात माझं नाव, दुसऱ्यात केसरबाईचं. मी म्हटलं, साहेब, मशीन माझ्या दोस्ताची हाये. ते म्हणे, मशीनचा रकाना नाई. मंग मी तोंडानं सांगतलं, ते साहेबायनं कोपऱ्यात पेनानं लिहिलं. नाणे शिक्का मारून चंद्रपूरले गेले. पुढे काय देते, देते का नाई, ते वरून ठरन.

दुसरी गोष्ट तुले कोणी ना कोणी सांगनच, म्हणून मीच सांगतो. शंकरपटात माझा सत्कार झाला. शाल देली. साऱ्या बैलजोड्या थांबवून माइकवर नाव घेतलं. हरिदासभाऊनं घेतलं. मी खाली उतरताना म्हटलं, विक्कीचं बी नाव घ्या, मशीन त्याची. त्यानं माइकवर म्हटलं, "आन् टूंटूंचे बी आभार." लोक हसले. मी हसलो नाई.

काकू पटात आली होती. मी शाल तिच्याच अंगावर टाकली. हेबी तुले आवडणार नाई, पण झालं ते झालं.

अजीम

---

मोरबी
२२ जानेवारी २०२५

अजीम,

शाल माझ्या मायच्या अंगावर टाकायले तुले कोणी सांगतलं? तिले शाल पाह्यजे असन तर मी घेईन. मी मेलो नाई.

आता ऐक, शिंपल्याचं कसं समजलं ते. ही चिठ्ठी मायले वाचू नोको.

तीन वर्षं होतीन. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढला होता. सगळ्या शेतकऱ्यायले दोन दोन ट्रॉली वावरात टाकायले भेटल्या. मी जंगूभाऊचा ट्रॅक्टर चालवत होतो. मायच्या दोन ट्रॉल्या शेवटी राह्यल्या. आपलं वावर नाल्याच्या पलीकडे, जायले यायले एक घंटा. मशीन घेऊन तवा चारच दिवस झाले होते, मले टेकडीवर जायचं होतं. मी दोन्ही ट्रॉल्या रोडाच्या बाजूले, मोहाजवळ, केसरबाईच्या बांधीत उलट्या केल्या आन् मशीन घेऊन टेकडीवर पळालो. मायले सांगतलं का गाळ टाकला, पसरवला बी. तिनं मान हलवली. त्या साली धान कमी झाला. मी म्हटलं, पाणी कमी पडलं असन.

समजलं काय? ते नाणे तलावातले हायेत. गाळासंग आले. मीच आणले. माझ्या हातानं, मायच्या वाट्याच्या गाळातून. मी ज्या धनासाठी टेकडीवर पळालो ते माझ्याच ट्रॉलीत होतं, आन् मी ते दुसऱ्याच्या वावरात उलटं करून पळालो. रात्रंदिवस हेच डोक्यात हाये. लाइनवर उभा असलो तरी हेच.

तर मंग हक्क कोणाचा? मशीन माझी, गाळ माझ्या मायचा. जमिनीच्या रकान्यात केसरबाई काऊन? सापडलं त्या रकान्यात तू काऊन?

आमच्या लाइनवर वरोऱ्याचा अश्वजित हाये, बारावी पास. त्याच्याकडून तीन पानांचा अर्ज लिहून घेतला आन् रजिस्टरनं तहसीलले पाठवला. तुले आधी सांगून राह्यलो, मागून म्हणू नोको.

विक्की

---

गोंडपिपरी
१६ फेब्रुवारी २०२५

विक्की,

दहा दिवस तुले चिठ्ठी लिहायची नाई असं ठरवलं होतं. आज रविवार, काकूकडून आलो आन् लिहायले बसलो.

तुझा अर्ज भेटला साहेबायले. तुझ्या अश्वजितचं अक्षर चांगलं हाये. माझं नाव पयल्या ओळीत एकदाच हाये, पुढे सारीकडे "सदर इसम". सदर इसमाने मशीन वापरली, सदर इसमाने शाल घेतली. आपण एका डब्यात खाल्लं विक्की, तिसरीपासून. सदर इसम.

गुरुवारी साहेबायनं तिघायले बोलावलं. मले, केसरबाईले, आन् काकूले. तू मले म्हटलं होतं का चिठ्ठी मायले वाचू नोको. मी वाचली नाई. पण अर्ज तू सरकारात टाकला, आन् सरकार तर मोठ्यानं वाचते.

साहेबायनं वाचला. "माझ्या आईच्या वाट्याचा दोन ट्रॉली गाळ मी स्वतः केसरबाई यांच्या बांधीत टाकला व आईस खोटे सांगितले." वर पंखा चालू होता. केसरबाई आपल्या पायाकडे पाहून राह्यली होती. मी काकूकडे पाह्यलं नाई, माझी हिंमत झाली नाई.

साहेब म्हणाले, "अंजनाबाई, हे खरं आहे का? मुलानं तुम्हाला न विचारता गाळ तिकडे टाकला?"

काकू म्हणे, "न विचारता काऊन? मीच सांगतलं होतं."

"तुम्ही?"

"हो. त्या साली हिचा मानूस गेला होता. बांधी सारी मुरमाड. मी म्हटलं, विक्की, माझा गाळ हिच्या वावरात टाक. पोरगं दूर हाये साहेब, धुळीत काम करते, विसरलं असन."

"म्हणजे तुमचा काही दावा नाही?"

"देलेल्या गाळावर कायचा दावा?"

साहेबायनं लिहून घेतलं आन् अंगठा घेतला. झालं. तुझा तीन पानांचा अर्ज दोन मिनिटात संपला.

बाहेर आल्यावर चहा घेतला. मी विचारलं, काकू, खरंच सांगतलं होतं काय? ती बशीत फुंकर मारत म्हणे, "अजीम, बाईमानसाले वावर पायानं समजते. तलावाचा गाळ पडला का रोवणीत तळपायाले शिंपले लागते. माझ्या बांधीत एक शिंपला लागला नाई. हिच्या बांधीत पोरी वटीभर येचत होत्या." केसरबाई बाजूलेच बसली होती. ती म्हणे, "मलेबी त्याच दिवशी समजलं, हा गाळ कोणाचा. म्हणून धान निंघाला का टोपली घेऊन जातो." इतके वर्षं झाले, दोघी या गाळाबद्दल एकमेकीले एक शब्द बोलल्या नव्हत्या. एक टोपली आणते, दुसरी रिकामी करून देते. आन् तू म्हणत होता, आपण भिकारी हावो काय.

मी म्हटलं, काकू, त्याले तवाच बोलायचं होतं. तर म्हणे, "बोलली असती तर तो तवाच पळाला असता. नाई बोलली तरी पळालाच."

आता माझी गोष्ट. मले तुझा राग आला होता, पण तहसीलात तो राग गेला आन् दुसरंच काही तरी आलं. तू मले जळतो, नाण्यासाठी, शालीसाठी, गुळासाठी. आन् मी तिथी बाकड्यावर बसून तुले जळत होतो. माझी अम्मी गेली तवा मी सहावीत होतो. साहेबापुढे, पंख्याखाली, अंगठा देऊन माझ्यासाठी खोटं बोलणारं कोणी नाई. तुले बसल्या जागी हाये, मोरबीत बसून हाये, तिले साऱ्यायपुढे उघडं पाडल्यावर बी हाये. सदतीस नाणे घे आन् ते दे म्हटलं तर मी आत्ता देतो.

आणखीन एक. आज मी तिले म्हटलं, काकू, मशीन आणली हाये, तुमच्या वावरात पाहून देऊ काय कानातलं फूल? एका दिवसाचं काम. ती म्हणे, "नोको. तू गावभर शोध, माझ्या वावरात मशीन लावू नोको. ते विक्कीनं पाहाचं हाये." मी म्हटलं, तो कवा येईन? तिनं कानातली काडी काढली, निंबाची नवी मोडून घातली आन् धान वाळवाले गेली.

मशीन दुकानात ठेवली हाये. थाळी पुसून.

अजीम

---

मोरबी
२८ फेब्रुवारी २०२५

अजीम,

चिठ्ठी भेटून पाच दिवस झाले. पयल्या दिवशी अर्धीच वाचली आन् उशाखाली ठेवली. अश्वजितनं विचारलं, अर्जाचं काय झालं? मी म्हटलं, मायनं जिंकला.

"सदर इसम" मी सांगतलं नव्हतं, त्यानं घातलं. पण मी वाचून सही केली होती. तर ते माझंच.

हिशेब केला, हातातलं काम पंधरा तारखेपर्यंत हाये. सोळाले निंघतो. बल्लारशाले उतरून पयले तुझ्या दुकानात येईन. तू काही बोलू नोको, मी बी बोलणार नाई. चहा पाजजो. मंग मशीन दे आन् कशी धरायची ते दाखव. मी दोन वर्षं धरली पण मले वाटते मी चुकीचीच धरत होतो. जोरात चालत होतो. तू हळू चालत असशील, बायायच्या पायानं.

केसरबाईले सांगू नोको मी येऊन राह्यलो. मी स्वतः जाईन. टोपली घेऊन जाईन, रिकामी नाई. काय भरू त्यात ते ठरलं नाई. इथून टाइल आणू काय? हसू नोको, चांगल्या टाइल हायेत, कोपरा थोडासा उडाला म्हणून बाजूले काढते. तिच्या चुलीमागे लागतीन.

तू जे जळायचं लिहिलं ते तीनदा वाचलं. त्याच्यावर मले काही लिहिता येत नाई. फक्त एवढं, तुले तिले माय म्हणायचं असन तर म्हण. मी काही बोलणार नाई. पयले दोन दिवस तोंड वाकडं करीन, तू पाहू नोको.

शाल बी राहू दे तिच्या अंगावर.

पण वावर माझं. नाल्याच्या पलीकडे मी येईपर्यंत मशीन नेऊ नोको, पाहाले म्हणून बी नोको, झाळलेली तार तपासाले म्हणून बी नोको. तुझ्या हाताले लवकर सापडते, मले माहीत हाये. मी एका टोकापासून सुरू करीन, दर वितीले थांबीन. तू धुऱ्यावर बस, बिडी पी, गाणं म्हण, पण तुले काही दिसलं तरी बोट दाखवू नोको. उन्हाळा जाईन तरी चालन. रोवणी येईन तरी चालन.

मायले ही चिठ्ठी पूर्ण वाचून दाखव. या वेळेले खालचं वरचं काही नाई.

विक्की